असिंक घ्यावं की थ्रेड? एका अडलेल्या सर्व्हिसच्या निमित्ताने

पाणवठा | मंगळवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात आमच्याकडे जे झालं ते सविस्तर लिहितो, कारण त्यावरून टीममध्ये दोन तट पडले आहेत आणि मला इथल्या अनुभवी लोकांचं मत हवं आहे.

आमची सर्व्हिस छोटी आहे. एखाद्या दुकानदाराला पार्सल पाठवायचं असेल तर तो दोन पिनकोड आणि वजन देतो. आम्ही चार कुरिअर कंपन्यांना दर विचारतो आणि त्याला यादी दाखवतो. पायथॉन, वेबसाठी फास्टएपीआय, मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस. सगळी फंक्शन्स 'असिंक डेफ'ने सुरू होतात, म्हणजे वाट बघायची वेळ आली की त्यांनी बाजूला होऊन दुसऱ्या कामाला जागा द्यावी अशी रचना. का, तर शिकताना तसंच पाहिलं होतं आणि असिंक म्हणजे वेगवान अशी आमची समजूत होती. आत मात्र कुरिअरला हाक मारायला 'रिक्वेस्ट्स' ही लायब्ररी. ती ब्लॉकिंग आहे, म्हणजे उत्तर येईपर्यंत ती हलत नाही.

दिवाळीच्या आधीची संध्याकाळ. चारपैकी एका कुरिअरची यंत्रणा संथ झाली. बंद पडली नाही, संथ झाली. बंद पडली असती तर लगेच एरर आली असती आणि आम्ही बाकी तिघांचे दर दाखवले असते. इथे एकेका हाकेला वीस-पंचवीस सेकंद लागायला लागले आणि आमची अख्खी सर्व्हिस गप्प झाली. ज्या विनंत्यांचा त्या कुरिअरशी काही संबंध नव्हता त्याही अडल्या. जुन्या पार्सलची पावती बघणारा माणूससुद्धा अडला.

पुढचा भाग जास्त त्रासाचा. कुबरनेटिस (आमच्या सर्व्हिसच्या चालू प्रती, म्हणजे कंटेनर, सांभाळणारं सॉफ्टवेअर) दर दहा सेकंदांनी 'जिवंत आहेस का' म्हणून विचारतं आणि एका सेकंदात उत्तराची अपेक्षा ठेवतं. तीनदा उत्तर नाही मिळालं की कंटेनर मारून नवा उभा करतं. हे त्याचे मूळ आकडे आहेत आणि आम्ही ते कधी बदलले नव्हते. आमचं उत्तर देणारं फंक्शन त्याच इव्हेंट लूपवर, म्हणजे सगळी असिंक कामं आळीपाळीने चालवणाऱ्या एकाच थ्रेडवर. लूप कुरिअरच्या दारात उभा, म्हणून उत्तर नाही, म्हणून कंटेनर मारला. त्याच्या हातातल्या विनंत्या गेल्या, लोकांनी पुन्हा बटण दाबलं, नव्या कंटेनरवर जास्त भार आला, तोही अडला. दीड तास हेच चालू होतं.

आणि या सगळ्यात सीपीयूचा आलेख जवळपास तळाला टेकलेला. पहिला अर्धा तास आम्ही नेटवर्कवर संशय घेत बसलो, कारण यंत्र मोकळं दिसत होतं. आता कळतं की मोकळा सीपीयू आणि अडलेल्या विनंत्या एकत्र दिसल्या की पहिला संशय ब्लॉकिंग हाकेवरच घ्यायला हवा.

उपाय काय केला? दर आणणाऱ्या फंक्शनच्या आधीचा 'असिंक' हा एक शब्द काढला. फास्टएपीआयमध्ये साधं 'डेफ' लिहिलं तर ते फंक्शन इव्हेंट लूपवर न चालता बाजूच्या थ्रेड पूलमध्ये (एकमेकांसाठी न थांबता चालणाऱ्या थ्रेडच्या संचात) चालतं. एका प्रोसेसमागे मूळ मर्यादा ४० थ्रेडची. शब्द काढला, डिप्लॉय केलं, पाच मिनिटांत सर्व्हिस श्वास घ्यायला लागली. कुरिअर तसाच संथ होता, पण बाकीचे लोक चालू लागले.

आता वाद असा. टीममधला एक गट म्हणतो की हे मलमपट्टीचं काम आहे. रिक्वेस्ट्स काढा, एचटीटीपीएक्स ही असिंक चालणारी लायब्ररी आणा, डेटाबेसचा ड्रायव्हरही असिंक करा, सगळं नीट पुन्हा लिहा. दुसरा गट म्हणतो, थ्रेडवर चाललंय ना, मग तेच ठेवा.

माझा कल दुसऱ्या गटाकडे आहे आणि कारण फक्त आळस नाही. थ्रेडमध्ये माझ्या हातून चूक झाली तर एक थ्रेड अडतो. असिंकमध्ये तीच चूक झाली तर सगळेच अडतात. सहा जणांच्या टीममध्ये, त्यातले दोघे नवे असताना, मला चुकीची किंमत कमी असलेली रचना हवी आहे. हे चूक आहे का?

---

जुनी वही | बुधवार, सकाळी ७:१५

चूक नाही, पण तुमची सुटका जेवढी वाटते तेवढी झालेली नाही. हिशेब करून बघा.

१९६१ साली जॉन लिटल यांनी रांगांबद्दलचा एक नियम सिद्ध केला. एका वेळी आत असलेली माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत घालवलेला वेळ. तुमच्या आत ४० थ्रेड आहेत. कुरिअर दोन सेकंदांत उत्तर देत असेल तर सेकंदाला २० विनंत्या निघतात. तोच २५ सेकंद घेऊ लागला तर ४० भागिले २५, म्हणजे सेकंदाला १.६. तुमच्याकडे त्याहून जास्त लोक येत असतील तर पूल भरणारच, आणि पूल भरला की पावती बघणारा माणूस पुन्हा रांगेत. त्या संध्याकाळी तुम्ही वाचलात ते बहुधा गर्दी ओसरल्यामुळे.

तेव्हा असिंक की थ्रेड हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, टाइमआउट कुठे आहे? रिक्वेस्ट्स लायब्ररीला तुम्ही सांगितलं नाही तर ती स्वतःहून कधीच थांबत नाही, मूळ टाइमआउट नाहीच. आणि दिलात तरी तो संपूर्ण हाकेचा नसतो. जोडणीला किती वेळ आणि दोन बाइट्सच्या मध्ये किती शांतता, एवढंच तो मोजतो. समोरचा थेंबथेंब उत्तर देत राहिला तर पाच सेकंदांचा टाइमआउट असूनही हाक मिनिटभर चालू शकते.

दुसरं, 'जिवंत आहेस का'चं फंक्शन मात्र असिंक डेफच ठेवा. त्याचाही असिंक काढलात तर तेही त्याच ४०च्या रांगेत लागेल आणि पुढच्या वेळी कंटेनर पुन्हा मारले जातील.

---

रानवाट | बुधवार, सकाळी ९:०२

मी शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजात थ्रेड शिकवले, सेमाफोर, डेडलॉक वगैरे. असिंक कुठेच नव्हतं. एकच थ्रेड असताना हजार कामं 'एकाच वेळी' कशी होतात हे कुणी सोप्या शब्दांत सांगेल का? आणि मग थ्रेड लागतातच कशाला?

---

उंबरठा | बुधवार, दुपारी १:२०

रानवाट, मी ज्युनिअर मुलांना गिरणीच्या उदाहरणावरून सांगते, कारण आमच्या गावात अजून ते चालतं.

दळण न्यायचं आहे. एक पद्धत अशी की डबा घेऊन गिरणीत जायचं आणि पीठ होईपर्यंत तिथेच उभं राहायचं. ही ब्लॉकिंग हाक. दुसरी पद्धत, डबा ठेवायचा, नंबर लावायचा, भाजी घ्यायची, पोस्टात जायचं आणि दळण झालं की उचलायचं. माणूस एकच, पण तीन कामं पुढे सरकली, कारण तिन्ही कामांत वाट बघणं होतं आणि वाट बघायला माणूस लागत नाही. हे असिंक. 'अवेट' म्हणजे डबा ठेवून निघायची जागा. कुठला डबा तयार झाला हे बघत फिरणारा तो इव्हेंट लूप. थ्रेड म्हणजे घरातल्या पाच जणांना पाच रांगांत उभं करणं. प्रत्येक जण आपापल्या रांगेत थांबतो, पण एकाची रांग अडली तरी बाकीचे चालू असतात.

पाणवठा यांच्याकडे झालं ते असं की घरात माणूस एकच, पद्धत डबा ठेवून फिरायची, आणि तो गिरणीत गप्पा मारत उभा राहिला. पोस्ट, भाजी, सगळं राहिलं.

आता तुझा दुसरा प्रश्न. समजा गिरणीच नाही आणि दळण घरच्या जात्यावर स्वतःच दळायचं आहे. इथे डबा ठेवून जाण्याला अर्थच नाही, कारण दळणारी तूच आहेस. फोटो लहान करणं, पीडीएफ तयार करणं, पासवर्डचा हॅश काढणं, ही जात्यावरची कामं. यांना असिंकचा काडीचा फायदा नाही, उलट लूप अडतो. इथे माणसं वाढवायची आणि जातीही वाढवायची, म्हणजे जास्त कोर. पायथॉनमध्ये एक अडचण आहे. तिथे जीआयएल नावाचं कुलूप असल्यामुळे एका प्रोसेसमध्ये जातं एकच. चार जणी बसल्या तरी खुंटा एका वेळी एकीच्याच हातात. म्हणून तिथे अशा कामाला वेगळ्या प्रोसेस घेतात. नमपायसारख्या आकडेमोडीच्या लायब्ऱ्या आत बरंच काम करताना हे कुलूप सोडतात, तो अपवाद. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या ३.१३ आवृत्तीत कुलूप नसलेला पायथॉन प्रयोग म्हणून मिळाला, आणि ३.१४पासून त्याला अधिकृत पाठिंबा आहे, पण तो वेगळा बिल्ड म्हणून घ्यावा लागतो. नेहमीच्या पायथॉनमध्ये कुलूप आहेच.

पाणवठा, तुमच्याकडे पार्सलच्या लेबलची पीडीएफ कुठे तयार होते? ते असिंक फंक्शनमध्ये असेल तर पुढचा अपघात तिथे होईल.

---

कातळ | बुधवार, रात्री १०:०५

मी असिंकच्या बाजूने बोलतो, कारण इथे ते उगाच आरोपी ठरतंय. चूक असिंकची नव्हती, असिंकमध्ये ब्लॉकिंग घुसवण्याची होती.

हे सगळं कशातून जन्मलं ते आठवा. १९९९ साली डॅन केगल यांनी प्रश्न मांडला, एका सर्व्हरने एकाच वेळी दहा हजार ग्राहक कसे सांभाळायचे? तेव्हाची रूढ रीत म्हणजे जोडणीमागे एक प्रोसेस किंवा एक थ्रेड. मग फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये केक्यू, लिनक्समध्ये ईपोल या सोयी आल्या. 'या हजारो जोडण्यांपैकी कुणाकडे काही आलंय तेवढं सांग' असं थेट कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, विचारता येऊ लागलं. २००४ साली इगोर सिसोएव यांनी एनजिनएक्स हे वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर लोकांसमोर आणलं ते याच पायावर. बहुधा कोरमागे एक वर्कर, आणि प्रत्येक वर्कर हजारो जोडण्या सांभाळतो. २००९ साली रायन डाल यांनी नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) आणलं आणि ही रीत साध्या वेब प्रोग्रामरच्या हातात आली.

माझं काम वाहनांच्या ट्रॅकिंगचं. प्रत्येक गाडी एक वेबसॉकेट (कायम उघडी राहणारी जोडणी) धरून असते आणि बराच वेळ गप्प असते. एका सर्व्हरवर वीस हजार गप्प जोडण्या. याला वीस हजार थ्रेड लावायचे? इथे असिंकला पर्याय नाही आणि मी ते रोज आनंदाने वापरतो.

एक गैरसमज मात्र माझ्याच बाजूचे लोक पसरवतात तो खोडतो. 'थ्रेड म्हणजे आठ एमबी, हजार थ्रेड म्हणजे आठ जीबी रॅम.' लिनक्सवर ते आठ एमबी फक्त मेमरीच्या पत्त्यांची राखीव जागा असते, खरी मेमरी जेवढी वापरली तेवढीच लागते. हजार थ्रेडने आजचं यंत्र कोसळत नाही. अडचण त्याच्या बऱ्याच पुढे सुरू होते.

आणि असिंकचा खरा फायदा मेमरीपेक्षा वेगळा आहे. दोन अवेटच्या मध्ये माझा कोड कुणी तोडत नाही. थ्रेडमध्ये कुठल्याही ओळीवर दुसरा घुसू शकतो. लॉक, रेस कंडिशन (कोण आधी पोचलं यावर निकाल बदलणं), त्या रात्री-बेरात्रीच्या शोधमोहिमा, सगळ्यांतून सुटका.

---

पहिली सर | गुरुवार, सकाळी ८:३०

कातळ, बाकी मान्य, शेवटच्या वाक्याशी असहमत. सुटका होत नाही, फक्त घुसायच्या जागा कमी होतात आणि डोळ्यांना दिसतात.

पाणवठा यांच्याच व्यवसायातलं उदाहरण घ्या. कुरिअरचं टोकन, म्हणजे त्यांच्या यंत्रणेत शिरायचा तात्पुरता परवाना, तासाभराने संपतं. कोड असा की टोकन संपलंय का बघ, संपलं असेल तर नवं मागव आणि त्यासाठी अवेट कर, मग साठव. टोकन संपायच्या क्षणी पन्नास विनंत्या आत असतील तर पहिली अवेटवर थांबते, दुसरी येऊन बघते तर टोकन अजून जुनंच, तीही मागवते. पन्नासच्या पन्नास नवं टोकन मागवतात. काही सेवा नवं टोकन दिलं की जुनं रद्द करतात, मग एकोणपन्नास जणांच्या हातात मेलेलं टोकन. आम्ही यावर दोन दिवस घालवले. थ्रेड एकच होता, तरी रेस कंडिशनच ती. उपायही तोच जुना: लॉक, आणि लॉक मिळाल्यावर पुन्हा एकदा तपासणं.

'बघितलं' आणि 'केलं' यांच्या मध्ये अवेट आला की मधल्या काळात जग बदललेलं असू शकतं. कोड वाचताना मी प्रत्येक अवेटपाशी थांबून हा प्रश्न विचारते.

---

खडकमाळ | गुरुवार, दुपारी १२:४५

थ्रेडच्या बाजूचीही एक गोष्ट असू द्या. मी एम्बेडेडवाला, त्यामुळे माझं उदाहरण मंगळावरचं.

४ जुलै १९९७ला नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं. काही दिवसांत त्याचा संगणक मधूनच रीसेट होऊ लागला. आत व्हीएक्सवर्क्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि वेगवेगळ्या प्राधान्याचे टास्क. हवामानाची नोंद करणाऱ्या कमी प्राधान्याच्या टास्कने एक म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) धरलेला. माहितीची बस (यानाच्या भागांमधली माहितीची वाहिनी) सांभाळणाऱ्या उच्च प्राधान्याच्या टास्कला तोच म्युटेक्स हवा होता, म्हणून तो थांबला. तेवढ्यात मधल्या प्राधान्याचं काम आलं आणि त्याने हवामानाच्या टास्कला बाजूला सारलं. आता म्युटेक्स धरणाऱ्याला सीपीयू मिळेना आणि वाट बघणाऱ्याला म्युटेक्स मिळेना. वॉचडॉगला, म्हणजे राखण करणाऱ्या यंत्रणेला, दिसलं की महत्त्वाचं काम वेळेत झालं नाही, त्याने रीसेट केलं. पाणवठा यांच्या कुबरनेटिससारखंच.

नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेतल्या लोकांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तो प्रसंग पुन्हा घडवला, म्युटेक्सवर प्राधान्य-वारसा (कुलूप धरणाऱ्याला तात्पुरतं वाट बघणाऱ्याचं प्राधान्य देणं) चालू करायचं ठरवलं आणि तो बदल मंगळावर पाठवला. रीसेट थांबले.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की ओळन्‌ओळ कोड बरोबर होता. तीन टास्क एका ठरावीक क्रमाने आले तरच चूक दिसायची. थ्रेडची चूक अशी असते. पाणवठा, तुम्ही म्हणता थ्रेडमध्ये चुकीची किंमत कमी. अडण्याच्या चुकीची कमी, हे खरं. सामायिक डेटाच्या चुकीची नाही. तुमच्या दर आणणाऱ्या फंक्शनमध्ये कुठे ग्लोबल डिक्शनरी आहे का, ज्यात सगळे लिहितात?

---

जुनी वही | गुरुवार, रात्री ९:१०

खडकमाळ यांच्या प्रश्नाला जोडून माझा एक, आणि माझ्या मते या धाग्यात अजून न आलेला मुद्दा.

४० थ्रेडचा पूल ही अडचण आहे असं आपण बोलतोय. तो एक दरवाजाही आहे. एका वेळी ४०च्या वर लोक आत जाऊ शकत नाहीत म्हणून मागचा डेटाबेस वाचतो. सगळं असिंक करा, दरवाजा निघून जातो. पाच हजार विनंत्या आल्या तर पाच हजार कोरुटीन (असिंक फंक्शनची चालू कामं) सुरू होतील आणि सगळ्या डेटाबेसकडे धावतील. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० जोडण्यांची, आणि तिथे प्रत्येक जोडणीमागे एक प्रोसेस उभी असते. म्हणजे तुमचा वरचा मजला असिंक झाला तरी तळमजला जुन्या रीतीचाच आहे.

एसक्यूएलअल्केमी (डेटाबेसशी बोलायची पायथॉन लायब्ररी) वापरत असाल तर त्याचा मूळ पूल ५ जोडण्यांचा, वर १० जादा, एकूण १५. सोळाव्याला ३० सेकंद थांबवून ठेवतं आणि मग एरर देतं. असिंककडे गेलेल्या टीमकडून मी 'आता डेटाबेस संथ झालाय' अशी तक्रार वारंवार ऐकली आहे. डेटाबेस होता तसाच असतो. आधी रांग पुढच्या दारात लागत होती, आता ती मागच्या दारात लागते, आणि तिथे ती कुणाला दिसत नाही.

म्हणून असिंकला गेलात तर सेमाफोर (एका वेळी ठरावीक जणांनाच आत सोडणारा अडसर) स्वतः लावा. या कुरिअरकडे एका वेळी वीस, डेटाबेसकडे पंधरा. आणि प्रत्येक कुरिअरला स्वतंत्र मर्यादा द्या, एक संथ झाला तर त्याचीच रांग भरेल. हे थ्रेडवरही करता येतं: कुरिअरमागे दहा थ्रेडचा वेगळा पूल. तुमच्या दिवाळीच्या संध्याकाळी एवढं असतं तर तीन कुरिअर चालू राहिले असते, कोड असिंक असो वा नसो.

---

सुपारीची बाग | गुरुवार, रात्री ११:३०

जावावाल्यांकडून थोडं. आमच्याकडे हा वाद बराच निवळला आहे. २०२३च्या सप्टेंबरमध्ये जावा २१ आलं आणि त्यात व्हर्च्युअल थ्रेड पक्के झाले. कोड साधा, ब्लॉकिंग, वरून खाली वाचता येणारा. आत मात्र थ्रेड वाट बघायला लागला की जेव्हीएम (जावाचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) त्याला खऱ्या थ्रेडवरून उतरवून ठेवतं आणि दुसऱ्याला चढवतं. गो या भाषेत गोरुटीनचं हेच पहिल्यापासून आहे, प्रत्येकीचा स्टॅक दोन केबीपासून सुरू होतो.

याचं मोठं सुख म्हणजे फंक्शनला रंग नसतो. ही कल्पना बॉब निस्ट्रम यांनी २०१५ साली मांडली होती. असिंक फंक्शन एका रंगाचं, साधं दुसऱ्या रंगाचं, आणि असिंकला हाक मारायची तर हाक मारणाराही असिंक व्हावा लागतो. एक खालचं फंक्शन बदललं की तो रंग वरपर्यंत झिरपत जातो. पाणवठा यांच्या टीमला 'सगळं पुन्हा लिहा' म्हणावं लागतंय ते यामुळेच.

अडचणी आमच्याकडेही आल्या. 'सिंक्रोनाइझ्ड' ब्लॉकच्या आत वाट बघितली तर व्हर्च्युअल थ्रेड खऱ्या थ्रेडला खिळून बसायचा. असे मोजके थ्रेड खिळले की सगळं अडायचं, अगदी तुमच्यासारखं. २०२५च्या मार्चमध्ये आलेल्या जावा २४ने ते सोडवलं. आणि जुनी वही यांनी सांगितलेली दरवाजाची गोष्ट आम्हालाही तशीच लागू.

---

रानवाट | शुक्रवार, सकाळी ८:५०

उंबरठाताई, जात्याचं उदाहरण डोक्यात पक्कं बसलं, आभार. एक प्रश्न: असिंक कोडमध्ये कुणीतरी चुकून ब्लॉकिंग हाक टाकली तर प्रॉडक्शनपर्यंत न जाता ती पकडायची कशी? अँड्रॉइडवर मुख्य थ्रेडवरून नेटवर्कला हाक मारली की अॅप तिथल्या तिथे एक्सेप्शन टाकतं, असं मी प्रोजेक्टमध्ये अनुभवलं आहे.

---

पहिली सर | शुक्रवार, सकाळी १०:१५

पायथॉनमध्ये ते एवढं कडक नाही, पण असिंकआयओचा डीबग मोड आहे. तो चालू केला की लूपला सलग १०० मिलिसेकंदांहून जास्त धरून ठेवणाऱ्या प्रत्येक तुकड्याची लॉगमध्ये नोंद होते. आम्ही तो टेस्टमध्ये कायम चालू ठेवतो. टेस्टमध्ये खोटा कुरिअर मुद्दाम दोन सेकंद थांबवणारा ठेवायचा, नाहीतर टेस्टमधली उत्तरं इतकी झटपट येतात की चूक दिसतच नाही.

---

पाणवठा | रविवार, सायंकाळी ६:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी दोघे जण बसलो आणि आधी एक छोटा प्रयोग केला, टीममध्ये मतांऐवजी आकडे ठेवायचे म्हणून. एक सेकंद झोपणारं फंक्शन आणि एकदम शंभर विनंत्या. असिंक डेफमध्ये 'टाइम.स्लीप': शंभर सेकंद. साध्या डेफमध्ये तेच: तीन सेकंद, कारण चाळीस, चाळीस आणि वीस. असिंक डेफमध्ये 'असिंकआयओ.स्लीप' अवेट करून: एक सेकंदाच्या किंचित वर. हे तीन आकडे फळ्यावर लिहिल्यावर दोन्ही गटांचा आवाज खाली आला.

ठरलं ते असं. सगळं पुन्हा लिहायचं नाही. पावत्या, नोंदणी, अहवाल हे डेटाबेसशी बोलणारे भाग साध्या डेफमध्ये आणि थ्रेडवरच राहतील. आमच्या गर्दीला ४० पुरतात, आणि जुनी वही यांनी म्हटल्यामुळे डेटाबेसचा पूल तपासला तर तो खरोखरच मूळचा १५चा निघाला. म्हणजे ४० जण आत घेऊन आम्ही २५ जणांना आत उभं करत होतो. तो आकडा जुळवला.

दर आणण्याचा एकच भाग खऱ्या अर्थाने असिंक करतोय, एचटीटीपीएक्स वापरून. तिथे कारण वेगळं आहे. आम्ही चार कुरिअरना एकामागोमाग विचारत होतो. प्रत्येकाला चारशे मिलिसेकंद धरले तर ग्राहक सोळाशे थांबायचा. चौघांना एकदम विचारलं तर सगळ्यात संथ असेल तेवढाच वेळ. त्यावर एकूण तीन सेकंदांची मुदत, आणि त्यात जो उत्तर देणार नाही त्याला वगळून यादी दाखवायची. प्रत्येक कुरिअरला वीसचा सेमाफोर. टोकनला लॉक, पहिली सर यांनी सांगितलं तसा, आत पुन्हा तपासणीसह.

खडकमाळ, तुमचा प्रश्न वाचून शोधलं. एक ग्लोबल डिक्शनरी होती, पिनकोडवरून गावाचं नाव ठेवणारी. असिंक होतं तेव्हा ती एकाच थ्रेडवर होती. मी 'असिंक' शब्द काढला त्या क्षणी चाळीस थ्रेड तिच्यात लिहू लागले. पाच मिनिटांत केलेल्या दुरुस्तीने दुसरं दार उघडं टाकलं होतं. सुदैवाने तिथे एकच किल्ली आणि एकच किंमत लिहिली जाते, त्यामुळे बिघडलं काही नाही. पण जुन्या नोंदी काढून टाकणारा एक तुकडा तिच्यावरून फिरत होता, आणि फिरताना दुसऱ्याने नवी नोंद घातली तर तो कोलमडला असता. तिथे लॉक लावला.

उंबरठाताई, पीडीएफ असिंक फंक्शनमध्येच होती. डीबग मोड लावल्यावर लॉगमधली पहिली ओळ तिचीच. ते काम वेगळ्या प्रोसेसकडे दिलं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. दर मिळाल्यावर त्यांची नोंद मागाहून व्हावी म्हणून आम्ही 'क्रिएट टास्क' करून सोडून देतो. टेस्टमध्ये कधीकधी ती नोंद होतच नाही आणि एररही दिसत नाही.

---

पहिली सर | रविवार, रात्री ८:०५

टास्क कुठल्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवला आहे का? इव्हेंट लूप त्याचा फक्त कमकुवत संदर्भ ठेवतो. तुम्ही तो धरला नाही तर काम अर्ध्यावर असतानाच पायथॉनचा कचरा उचलणारा (न लागणारी मेमरी मोकळी करणारा भाग) त्याला घेऊन जाऊ शकतो. एक सेट ठेवा, टास्क त्यात टाका, आणि काम झालं की काढण्यासाठी त्यालाच कॉलबॅक लावा. त्याच कॉलबॅकमध्ये एक्सेप्शन आलं का तेही बघा, म्हणजे एरर गिळली जाणार नाही.

---

पाणवठा | रविवार, रात्री ९:४०

धरला नव्हता. सेट लावला, टेस्ट दोनशे वेळा चालवली, दोनशेही नोंदी आल्या. उद्या दुपारी गर्दी कमी असताना डिप्लॉय करतो आणि संध्याकाळी इथे लिहितो.